भिंतीवरचा नकाशा आणि विमानाची वाट

भूगोलाच्या तासाला जगाचा नकाशा टांगला जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अशी पट्टी ठेवून रेघ ओढायची, खालच्या प्रमाणपट्टीने अंतर मोजायचे, त्याला विमानाच्या वेगाने भागायचे, की प्रवासाचा वेळ मिळाला! नकाशा मर्केटर प्रक्षेपणाचा असेल, तर यातील पहिल्या दोन्ही पायऱ्या चुकतात.

यात मर्केटरचा दोष नाही. १५६९ साली त्याने हा नकाशा दर्यावर्दींसाठी केला. एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट त्यावर सरळ रेघ दिसते, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्यापायी ध्रुवांकडे जावे तसे प्रमाण वाढत जाते. ६० अंश अक्षवृत्तावर ते विषुववृत्तावरच्या दुप्पट होते. म्हणून एकच प्रमाणपट्टी साऱ्या नकाशाला लागू पडत नाही.

गोलावरचे कमीत कमी अंतर बृहद्वृत्तावर असते. मुंबई-न्यूयॉर्कसाठी ते सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. नकाशावरील सरळ रेघेच्या वाटेने प्रत्यक्ष गेल्यास ते सुमारे १४,२०० भरते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हा फरक जवळजवळ दोन तासांचा! सरळ रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरियावरून जाते. बृहद्वृत्त मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघते, आइसलंडजवळ ६४ अंशांच्या वर चढते आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापासून खाली उतरते.

मग ही चूक जाणवत का नाही? बारामती आणि इंदापूर घ्या. दोन्ही गावे सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर, एकमेकांपासून सरळ सुमारे ४७ किलोमीटरवर. एवढ्या अंतरात दोन वाटांतला फरक जेमतेम एक-दोन सेंटिमीटर पडतो. आपल्या विद्यार्थ्यांचा रोजचा अनुभव एवढ्याच टापूतला असतो. तेथे पट्टीचा नियम चोख चालतो. तो कोठवर चालतो हे मात्र वर्गात सांगितले जात नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप वेळेबद्दल. उंचावरचे पश्चिमी वारे न्यूयॉर्कहून येणाऱ्या विमानाला पुढे ढकलतात, जाणाऱ्याला अडवतात. शिवाय आकाशालाही सीमा असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा त्यांना वळसा घेणे भाग पडले. नुसत्या भागाकारात यातले काहीच येत नाही.

उपाय स्वस्त आहे. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. त्याची वाट मुलांनीच नकाशावर उतरवावी. दहावीच्या विद्यार्थ्यांना गणितही देता येईल. ६० अंश उत्तरेला, समोरासमोरच्या रेखावृत्तांवर दोन ठिकाणे आहेत. कोसाइन ६० म्हणजे अर्धा, म्हणून अक्षवृत्तावरून अंतर सुमारे १०,००० किलोमीटर. ध्रुवावरून फक्त सुमारे ६,७००. हे एकदा हाताने काढले, की प्रमाणपट्टीला हात लावण्यापूर्वी विद्यार्थी आपणहून विचारील, “सर, हा नकाशा कोणत्या प्रक्षेपणाचा?”