सहचर की ग्रह? एका शोधनिबंधाचे वाचन

मोठ्या शोधाची बातमी आपण सारे वाचतो, मूळ शोधनिबंध मात्र क्वचितच उघडतो. मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांचा 'नेचर'मधील नोव्हेंबर १९९५ चा पाच पानांचा निबंध शिक्षकांनी आवर्जून पाहावा असे आम्हांला वाटते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह या निबंधामुळे माहीत झाला. त्यासाठी दोघांना २०१९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पण निबंधाच्या शीर्षकात 'ग्रह' हा शब्दच नाही! तेथे आहे 'गुरूएवढ्या वस्तुमानाचा सहचर'.

हा तारा म्हणजे ५१ पेगासी. पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला तो आहे. अंतर सुमारे ५० प्रकाशवर्षे. लेखकांनी सहचर पाहिला नाही, पाहिला तो ताऱ्याचा वर्णपट. त्यातील रेषा दर ४.२३ दिवसांनी मागेपुढे सरकत होत्या. म्हणजे तारा सेकंदाला ५९ मीटर वेगाने आपल्याकडे येतो आणि तितक्याच वेगाने दूर जातो. या वेगाने तरंगलांबीत पडणारा फरक जेमतेम ५० लाखांत एक भाग! दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत 'एलोदी' या वर्णपटमापकाने तो मोजला.

निबंधाचे खरे मोल यापुढे आहे. रेषा सरकल्या म्हणजे ग्रह सापडला, असे लेखक म्हणत नाहीत. ताऱ्याचा पृष्ठभागच आतबाहेर स्पंदत असेल तर? पण सूर्यासारख्या ताऱ्यांची स्पंदने मिनिटांची असतात, चार दिवसांची नव्हेत. ताऱ्यावरचे डाग फिरत असतील तर? पण तारा स्वतःभोवती फिरायला सुमारे महिना घेतो. असे एकेक पर्याय बाजूला सारल्यावर सहचर उरतो. त्याचे वस्तुमान गुरूच्या किमान ०.४७ पट. 'किमान' अशासाठी, की कक्षा किती कललेली आहे हे ठाऊक नसते आणि वेगाचा फक्त आपल्या दिशेचा घटक मोजता येतो.

एक बाजू मात्र लंगडी वाटते. ताऱ्यापासून अवघ्या ८० लाख किलोमीटरवर एवढा वायुगोल आला कसा? दुरून सरकत आला असेल, किंवा तपकिरी बटू ताऱ्याचे बाहेरचे थर प्रारणाने उडून गेले असतील, असे दोन पर्याय लेखक ठेवतात. दुसरा पुढे मागे पडला. तरीही तो लपवला नाही, हे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटते.

खरा दोष लेखकांचा नाही, तो त्या काळच्या समजुतीचा आहे. गुरूला एका फेरीस सुमारे १२ वर्षे लागतात, तेव्हा सर्वच राक्षसी ग्रह दूर आणि संथ असणार, असे गृहीत धरले गेले. ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्येच एका टिपणात सुचवले होते, की असे ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळही असू शकतील आणि वर्णपटातून सापडतील. त्याकडे चार दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही. एका सूर्यमालेवरून काढलेला नियम आपणही वर्गात 'नियम' म्हणूनच सांगत आलो, नाही का?

१९९७ मध्ये डेव्हिड ग्रे यांनी या ग्रहाबद्दल शंका घेतली: रेषांचा आकारच बदलतो, म्हणजे हे स्पंदन असावे. अधिक चांगल्या वेधांत तो बदल दिसला नाही, आणि १९९८ मध्ये हे त्यांनी स्वतःच जाहीर केले. पाठ्यपुस्तकी गोष्टीत हा प्रसंग बहुधा गाळला जातो. आमची सूचना एवढीच: वेगाचा तो आलेख फळ्यावर काढावा, 'ग्रह' हा शब्द उच्चारू नये, आणि तारा असा का हलत असेल याची तीन कारणे आधी मुलांकडून काढून घ्यावीत.