दूरसंवादातील आवाजाचे स्थान : 'हायड्रा' प्रयोगाचे पुनर्मूल्यांकन

दूरस्थ संवादाच्या तंत्रज्ञानाची चिकित्सा बहुधा चित्राच्या स्पष्टतेपाशी थांबते. चेहरा किती स्वच्छ दिसतो हा निकष लावला जातो. आवाज कोठून येतो हा प्रश्न गौण ठरतो. वस्तुतः प्रत्यक्ष बैठकीत 'कोण बोलले' याइतकेच 'कोणाला उद्देशून बोलले' हेही महत्त्वाचे असते आणि ते डोळे व कान मिळून ठरवतात. या दृष्टीने अ‍ॅबिगेल सेलन, विल्यम बक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या 'हायड्रा' या रचनेचा पुनर्विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्न तसा जुनाच. चित्रपटातील नट पडद्यावर जेथे दिसतो तेथूनच त्याचा आवाज यावा, हा विचार अ‍ॅलन ब्लूमलाइन यांच्या १९३१ च्या स्टिरिओ ध्वनीविषयक पेटंटमध्ये स्पष्टपणे आढळतो. तरीही दूरसंवादात एकाच ध्वनिक्षेपकावर दीर्घकाळ भागले, याचे कारण आपल्या आकलनातच आहे. हलणारे ओठ दिसले की मेंदू आवाज तेथेच नेऊन ठेवतो. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव 'बोलतो' तो याच न्यायाने! दोघांच्या संभाषणात हा शब्दभ्रम पुरेसा असतो. पडद्यावर दहाबारा चौकटी आल्या की तो कोलमडतो, कारण कोणते ओठ हलत आहेत हेच आधी शोधावे लागते. शिवाय, अनेक आवाजांतून हवा तो वेगळा काढण्याची जी क्षमता कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये अभ्यासली, तिला दोन कानांत पोहोचणाऱ्या ध्वनीतील सूक्ष्म फरकाचा मोठा आधार असतो. सारे आवाज एकाच बिंदूतून आले की हा आधार नाहीसा होतो.

'हायड्रा'चे उत्तर विलक्षण साधे होते. चौघांच्या बैठकीत प्रत्येकाच्या टेबलावर तीन छोटे संच. प्रत्येक संचात एक कॅमेरा, एक लहान पडदा आणि एक ध्वनिक्षेपक. अनुपस्थित व्यक्ती जेथे बसली असती तेथे तिचा संच ठेवायचा. एखाद्या संचाकडे वळून बोलले की त्या व्यक्तीला आपण समोरून दिसतो, इतरांना बाजूने. नजर, आवाज आणि जागा यांची अशी सांगड त्यापूर्वी क्वचितच घातली गेली असेल.

सेलन यांनी या रचनेची तुलना प्रत्यक्ष बैठकीशी आणि चौकटींत विभागलेल्या एकाच पडद्याशी केली. बोलण्याच्या पाळ्यांच्या मोजमापात दोन्ही दृक्‌श्राव्य रचनांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र 'हायड्रा'मध्ये शेजारच्याशी स्वतंत्रपणे बोलणे, एकाच वेळी दोन संभाषणे चालणे शक्य झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते या निष्कर्षातील दुय्यम वाटणारी बाब हीच मुख्य आहे. पाळ्या मोजणारी पद्धत औपचारिक संवादच टिपते. स्थानाचा लाभ तर पाळ्यांच्या बाहेर, कुजबुजीत आणि आडून विचारलेल्या शंकेत असतो. मोजपट्टीच अपुरी असेल तर 'फरक नाही' या विधानाचे मोल मर्यादित ठरते.

रचनेच्या मर्यादाही उघड आहेत. चार व्यक्तींना १२ संच लागतात, दहांना ९०. या गणितापुढे ती टिकणे कठीणच होते.

२०२१ मध्ये अ‍ॅपलच्या फेसटाइमने आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्सने वक्त्याचा आवाज त्याच्या चौकटीच्या दिशेने ऐकवण्याची सोय दिली. हे स्वागतार्ह आहे. पण यात 'हायड्रा'चा अर्धाच विचार आला आहे. चौकटींचा क्रम बहुधा प्रत्येकाच्या पडद्यावर निराळा असतो. माझ्या डावीकडची व्यक्ती इतरांच्याही डावीकडे असेलच असे नाही. त्यामुळे आवाजाला जागा मिळाली, पण ती सामायिक झाली नाही. कोण बोलले ते कळते, कोणाकडे वळून बोलले ते कळत नाही. गूगलने २०२१ मध्ये मांडलेल्या 'स्टारलाइन'ने नजर व आवाज दोन्ही साधले खरे, परंतु प्रारंभी ते दोन व्यक्तींपुरतेच, म्हणजे जेथे स्थानाची निकड सर्वांत कमी तेथेच.

अध्यापनात ही उणीव अधिक जाणवते. २०२० नंतरच्या ऑनलाइन वर्गांत विद्यार्थी शिक्षकाला ऐकू शकत होते. शेजारच्या बाकावर हळूच 'हे काय म्हणाले?' असे विचारू शकत नव्हते. चर्चासत्रातही एक बोले आणि इतरांचे ध्वनिग्राहक बंद. त्यात अनेकांनी हे वर्ग मोबाईलच्या एकाच लहानशा ध्वनिक्षेपकावर किंवा एका कानात इअरफोन घालून ऐकले. डावी-उजवी बाजू दाखवणारे कोणतेही तंत्र त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी दुसरा कान जोडावा लागेल.