तो आपल्याकडे असता तर...

१३ मार्च २०२१. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये इंडियन सुपर लीगची फायनल चालू होती आणि स्टँड रिकामे होते. कोविडमुळे तो अख्खा सीझनच गोव्यात, बंद दारांआड खेळवला गेला होता. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल केला आणि मुंबई सिटीनं एटीके मोहन बागानला २-१ नं हरवलं. माझा तेव्हाचा रूममेट मडगावचा. त्याचा संघ एफसी गोवा, तो सेमीफायनललाच बाहेर पडला होता, तरी पठ्ठ्या शेवटच्या शिट्टीपर्यंत लॅपटॉपसमोरून हलला नाही. कारण मुंबईच्या त्या संघातले ह्युगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हे चौघंही आदल्या सीझनला गोव्याकडे होते. कोच सर्जिओ लोबेरासुद्धा गोव्याचाच माजी कोच. मॅच संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "कप आमच्या घरात आला, आमच्याच लोकांनी उचलला, आणि आमचा नाही."

या वाक्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यात फक्त दुःख आहे, आणि दुःखाला पुरावा मागायचा नसतो. माझी तक्रार त्यानंतरच्या वाक्याबद्दल आहे, जे त्यानं दुसऱ्या दिवशी चहा पिताना उच्चारलं आणि जे जगातला प्रत्येक फुटबॉल फॅन कधी ना कधी उच्चारतो: "सोडलं नसतं तर हा कप आपला होता."

सोडून गेलेल्या खेळाडूवर नजर ठेवणं हा फॅन लोकांचा जुना उद्योग आहे. आपली मॅच संपली की त्याची मॅच लावायची. त्यानं गोल केला की "बघ, मी म्हणत होतो", नाही केला की "बरं झालं गेला". एकाच माणसाच्या तोंडून एकाच महिन्यात दोन्ही वाक्यं येतात. मनात एक वही असते, त्यात डाव्या पानावर 'आपल्याकडे होता तेव्हा' आणि उजव्या पानावर 'तिकडे गेल्यावर'. दोन पानांतला फरक म्हणजे आपल्या क्लबचा मूर्खपणा, किंवा शहाणपणा.

आता पीएचडीच्या ब्लॉगवर हे कशाला, तर माझा पहिला रिसर्च प्रपोजल नेमका याच वहीसारखा होता. माझा विषय शिक्षकांच्या बदल्या. चांगला शिक्षक एका जिल्हा परिषद शाळेतून दुसऱ्या शाळेत गेला की मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न. मी लिहिलं होतं: बदलीआधीचे आणि बदलीनंतरचे निकाल घेऊ, वजाबाकी करू. गाईडनी समासात पेन्सिलनं एकच ओळ लिहिली: "वजाबाकीत अजून काय काय आलं?" मला आठवडाभर राग होता. मग एका रात्री रूममेटशी बुमूसवरून वाद घालताना लक्षात आलं की मी त्याला जे सांगतोय तेच मॅडमनी मला सांगितलंय.

गोव्याचं प्रकरण नीट बघू, कारण ते दिसतं त्यापेक्षा खूप गुंतागुंतीचं आहे.

२०१९-२० मध्ये एफसी गोवा लीगमध्ये पहिला आला आणि लीग शील्ड जिंकला. बूमूसनं ११ गोल केले, त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण जानेवारी २०२० च्या शेवटी, संघ टॉपला असताना, क्लबनं लोबेराला काढून टाकलं. त्यानंतर तो मुंबई सिटीत गेला आणि हे चौघंही तिकडे गेले. २०२०-२१ मध्ये मुंबईनं शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. वहीत हे सरळ दिसतं: माणसं गेली, यश गेलं.

पण गेलं काय नक्की? कोच गेला, डिफेन्सचा खांब गेला, मधल्या फळीचा मेंदू गेला, गोल करणारा गेला. आणि ते सगळे एकत्र गेले, एकाच पत्त्यावर. याला आपण 'एकगठ्ठा बदल' म्हणू. गठ्ठ्यातल्या कुठल्या वस्तूनं काम केलं हे गठ्ठा न सोडता सांगता येत नाही. शिवाय नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा विकत घेतला होता. म्हणजे गठ्ठा ज्या घरात गेला ते घरही नुकतंच नव्यानं बांधलं जात होतं. बिपिन सिंग गोव्याहून आलेला नव्हता. फायनलचा गोल त्याचा.

आणखी एक मजेची गोष्ट, जी फॅन लोक विसरतात. लोबेराला काढल्यानंतर लीगचे तीन सामने उरले होते. क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली, त्याच खेळाडूंनी, ते तिन्ही जिंकले: हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबई सिटीविरुद्ध ५-२, जमशेदपूरविरुद्ध ५-०. खेळाडू तेच, कोच वेगळा, तीन सामन्यांत १४ गोल. म्हणजे कोच महत्त्वाचा नव्हता का? इतकी घाई करू नका. तीन सामने म्हणजे काहीच नाही, आणि त्या खेळाडूंच्या पायांत अडीच सीझनचा लोबेरा मुरलेला होता. तरीसुद्धा गठ्ठ्यातली एक गाठ इथे थोडी सैल होते. असे छोटे अपघाती तुकडे, जिथे एक गोष्ट बदलली आणि बाकीच्या तशाच राहिल्या, तुमच्या डेटातही असतात. ते शोधायची सवय लावा. मोठ्या टेबलमध्ये ते दिसत नाहीत, तारखा वाचल्या तरच दिसतात.

आता उरलेल्या गोव्याकडे बघा. फॅनच्या म्हणण्याप्रमाणे २०२०-२१ मध्ये संघ कोसळायला हवा होता. तो चौथा आला. नवा कोच हुआन फेरांदो, नवा स्ट्रायकर इगोर अंगुलो, १४ गोल आणि गोल्डन बूट. सेमीफायनलच्या पहिल्या लेगमध्ये गोवा आणि मुंबई २-२ बरोबरीत राहिले (मुंबईचे दोन्ही गोल बूमूस आणि फॉलचे, रूममेटनं त्या रात्री जेवण टाकलं), दुसरी लेग ०-०, आणि निकाल पेनल्टी शूटआउटवर ६-५. एका पेनल्टीच्या अंतरावर असलेल्या संघाबद्दल 'माणसं गेली म्हणून हरलो' म्हणायचं असेल तर त्याच तराजूत नशीबही टाकायला लागतं. खरी घसरण झाली पुढच्या सीझनमध्ये, नववा नंबर. त्या सीझनच्या मध्यात फेरांदोही सोडून गेला होता.

इथपर्यंत वहीतल्या दोन पानांच्या वजाबाकीबद्दल झालं. माझ्या मते याहून मोठा घोटाळा वेगळाच आहे: वहीत नावं कोणाची लिहिली जातात?

रूममेटला मी विचारलं, २०२० मध्ये गोव्यातून अजून कोण गेलं? त्याला पटकन आठवेना. कोरो गेला होता. फेरान कोरोमिनास, गोव्याकडून आयएसएलमध्ये ४८ गोल, दोनदा गोल्डन बूट. तो स्पेनमध्ये परत गेला, खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि ते सामने इथे कोणी बघत नव्हतं. क्लबचा सगळ्यात लाडका गोल करणारा वहीतून गायब, कारण त्याचं उजवं पान भरायला कोणी नव्हतं. मनवीर सिंग एटीके मोहन बागानला गेला. गोव्यात तो स्ट्रायकर म्हणून फारसे गोल करत नव्हता, तिकडे उजव्या बाजूनं खेळायला लागला आणि बहरला. त्याचं नाव वहीत आहे, तेही ठळक. आणि अंगुलो? २०२१ मध्ये तोही गोव्याकडून मुंबईलाच गेला. तीच वाट, तेच दोन क्लब, फक्त एक वर्ष उशिरा. तिकडे तो आदल्या वर्षीच्या १४ गोलांपर्यंत पोचला नाही आणि मुंबई सेमीफायनललाही गेली नाही. "अंगुलोला सोडलं नसतं तर" असं मला रूममेटकडून एकदाही ऐकायला मिळालं नाही.

अंगुलोचं उदाहरण मला क्लासमध्ये शिकवायला मिळालं तर मी तासभर शिकवेन. जो खेळाडू गोल्डन बूट जिंकतो तो त्याच्या सर्वोत्तम वर्षात आपल्या नजरेला पडतो. पुढचं वर्ष त्यापेक्षा साधं असणं हेच जास्त शक्य असतं, त्यानं क्लब बदलला नसता तरी. याला सरासरीकडे परत येणं म्हणतात. त्यात त्याचं वय सदतीस. म्हणजे घसरणीला तीन मानकरी: नवा संघ, वय, आणि आधीचं वर्षच अवाच्या सवा चांगलं असणं. पण वहीत एकच कॉलम. उलट बाजूनं, ज्याला क्लब वाईट फॉर्मात असताना विकतो त्याचं पुढचं वर्ष सुधारण्याची शक्यता आपोआप जास्त. ते सुधारलं की सगळं श्रेय नव्या कोचच्या खात्यावर.

मग फॅनला काही कळतच नाही का? असं म्हणणारे हुशार लोक मला फॅनपेक्षा जास्त खटकतात. 'सॅम्पल लहान आहे' एवढं म्हणून उठून जाणारे. स्कॉट मॅकटॉमिनेचं बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याला नापोलीला विकलं. अकादमीतला मुलगा विकला की हिशेबाच्या वहीत जवळजवळ सगळी रक्कम नफा म्हणून धरता येते, आणि लीगच्या आर्थिक नियमांच्या काळात हे मोहक असतं. २०२४-२५ मध्ये त्यानं सेरी आमध्ये १२ गोल केले, नापोली चॅम्पियन झाली, तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि युनायटेड पंधरावी आली. वहीची दोन पानं एवढी लांब क्वचितच जातात. तरी नुसत्या वजाबाकीवर मी विश्वास ठेवणार नाही.

पण युनायटेडचे काही फॅन वेगळंच बोलत होते, आणि तेही तो जाण्याच्या कितीतरी आधीपासून: याला पुढे खेळवा, स्कॉटलंड खेळवतं तसा. २०२२-२३ च्या सीझनमध्ये त्यानं युनायटेडकडून लीगमध्ये एकच गोल केला होता. त्याच सीझनमध्ये, मार्च २०२३ च्या चार दिवसांत, स्कॉटलंडकडून चार: सायप्रसविरुद्ध दोन, स्पेनविरुद्ध दोन. माणूस तोच, वय तेच, फॉर्मचा महिना तोच, क्लबचा पगारही तोच. बदलली ती मैदानावरची जागा. स्कॉटलंड त्याला गोलच्या जवळ जाऊ देत होतं. प्रतिस्पर्धी वेगळे होते हे खरं, सायप्रस काही आर्सेनल नाही. पण स्पेन तर स्पेनच. हा पुरावा ट्रान्सफरच्या आधीचा आहे, म्हणून त्याची किंमत जास्त. निकाल लागल्यावर सांगितलेल्या कारणापेक्षा निकालाआधी सांगितलेलं कारण मी नेहमी वरच्या खणात ठेवतो. त्या फॅननी कुठलंही मॉडेल चालवलं नव्हतं, फक्त दोन जर्सीतला एकच माणूस लक्ष देऊन पाहिला होता.

अजून एक गोष्ट फॅन करतो आणि आपण करत नाही. तो गेलेल्या माणसाच्या मागे जातो. माझ्या पहिल्या डेटासेटमध्ये शाळा सोडून गेलेली मुलं, बदली होऊन जिल्ह्याबाहेर गेलेले शिक्षक, सगळ्यांसमोर रिकामी चौकट होती आणि मी त्या ओळी सरळ डिलीट केल्या होत्या. 'क्लीनिंग' म्हणतो आपण त्याला. रूममेट कधीच बूमूसची ओळ डिलीट करणार नाही. त्याची चूक एवढीच की कोरोची त्यानं नकळत डिलीट केली.

तर सध्या माझं काम असं चाललंय: सोडून गेलेल्या शिक्षकांची यादी आधी पूर्ण करायची, आवडते-नावडते, दूर गेलेले, विसरलेले, सगळे. मग त्यांच्यात असे शोधायचे जे एकाच काळात दोन ठिकाणी शिकवत होते, डेप्युटेशनवर वगैरे. माझे मॅकटॉमिने. आतापर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडलेत, आणि त्यातल्या एकानं फोनवर मला अर्धा तास झापलं, ते पुढच्या पोस्टमध्ये.

रूममेट आता गोव्याला परत गेलाय, पण वही चालू आहे. २०२३ मध्ये लोबेरा ओडिशा एफसीत गेला, जाहू आणि फॉल त्याच्यासोबत. संघ चौथा आला, सेमीफायनलला हरला. २०२४ मध्ये बूमूसही तिथेच पोचला, म्हणजे जुना गठ्ठा जवळजवळ पुन्हा बांधला गेला. त्या सीझनला ओडिशा प्लेऑफलाही पोचला नाही. मी मेसेज केला, "आता काय म्हणतोस?" त्याचं उत्तर आलं, "मंदार नव्हता ना."