इस्केमिक पक्षाघात आणि एक्सोसोम : निदान व उपचारविषयक दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना :
मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून रक्तपुरवठा खंडित झाल्यास होणाऱ्या पक्षाघातास इस्केमिक पक्षाघात म्हणतात. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. या मर्यादेमुळे संशोधक एक्सोसोमकडे मोठ्या अपेक्षेने पाहत आहेत. त्या अपेक्षेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्वरूप :
एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या पटलवेष्टित पिशव्या होत. प्रारंभी त्यांना पेशीतील टाकाऊ द्रव्याचे वाहक मानले गेले. २००७ मध्ये वलादी, लोटवाल व सहकाऱ्यांनी त्यांच्याद्वारे आरएनए एका पेशीतून दुसरीत पोहोचतो हे दाखविले आणि त्यांचे महत्त्व वाढले.

निदान :
२०१६ मधील एका अभ्यासात रुग्णांच्या एक्सोसोममध्ये मायक्रो-आरएनए-९ व १२४ यांचे प्रमाण पक्षाघात नसलेल्या व्यक्तींपेक्षा अधिक आढळले. परंतु तातडीच्या कक्षात एवढा भेद पुरेसा नसतो. पक्षाघात गुठळीमुळे आहे की रक्तस्रावामुळे, हे तेथे ठरवावे लागते. कारण रक्तस्रावात तेच औषध घातक ठरते. सीटी स्कॅनने हा निर्णय काही मिनिटांत होतो. याउलट, अतिवेगी अपकेंद्रणाने एक्सोसोम वेगळे करण्यासच काही तास लागतात. म्हणून तातडीच्या निदानापेक्षा रुग्णाच्या पुढील सुधारणेचा अंदाज बांधण्यासाठी त्यांचा उपयोग अधिक संभवतो.

उपचार :
२०१३ मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील शिन, चॉप व सहकाऱ्यांनी मूलपेशीजन्य एक्सोसोम दिल्यावर पक्षाघात झालेल्या उंदरांच्या हालचालीत सुधारणा झाल्याचे नोंदविले. ही नोंद महत्त्वाची आहे. तथापि या क्षेत्राचा इतिहास सावध करणारा आहे. एनएक्सवाय-०५९ हे औषध प्राण्यांत प्रभावी ठरले, २००६ च्या सेंट-१ चाचणीत आशादायक वाटले आणि २००७ च्या सेंट-२ चाचणीत निष्फळ ठरले. प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण व निरोगी असतात. रुग्ण मात्र बहुधा वयस्क आणि मधुमेह वा उच्च रक्तदाबाने ग्रस्त असतो. शिवाय एक्सोसोमची मात्रा कणांच्या संख्येने मोजावी की प्रथिनांच्या प्रमाणाने, याबाबतही एकवाक्यता नाही.

निष्कर्ष :
एक्सोसोमची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मात्र शक्यतेलाच सिद्धी मानणे धोक्याचे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता नसलेल्या एक्सोसोम उत्पादनांविषयी जाहीर इशारा दिला होता. पक्षाघाताने हतबल झालेले कुटुंब अशा उत्पादनांचे सहज गिऱ्हाईक बनते. म्हणून प्रमाणित शुद्धीकरण, वयस्क व व्याधिग्रस्त प्राण्यांवरील प्रयोग आणि मोठ्या मानवी चाचण्या या तीन कसोट्या उतरेपर्यंत एक्सोसोमला संशोधनाचा विषय मानणे उचित ठरेल, उपचार नव्हे.