सामान्यीकृत विनंती : एका अपुऱ्या तरतुदीचे परीक्षण

निरोप पाठविणे आणि त्याची पोच घेणे या दोन क्रियांची फारकत हे 'मेसेज पासिंग इंटरफेस' या प्रमाणग्रंथाचे एक महत्त्वाचे कार्य होय. १९९४ च्या पहिल्या आवृत्तीतच ही फारकत आढळते. पाठवणी सुरू होताच प्रोग्रामच्या हाती एक विनंती-चिन्ह पडते. प्रोग्राम आपल्या आकडेमोडीकडे वळतो, आणि पुढे सवडीने 'वेट' किंवा 'टेस्ट' या आज्ञांनी त्या चिन्हाची विचारपूस करतो. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीने याच्याही पुढे जाऊन, लायब्ररीने न पुरविलेली, वापरणाऱ्याने स्वतः रचलेली क्रियाही अशाच चिन्हाच्या रूपाने वावरू शकेल अशी सोय केली. तिला 'जनरलाइज्ड रिक्वेस्ट', म्हणजे सामान्यीकृत विनंती, असे नाव आहे. कल्पना निःसंशय मोहक आहे. फाइलचे वाचन, स्वतः बांधलेली सामूहिक बेरीज आणि साधा निरोप या तिन्हींची वाट एकाच 'वेटऑल'मध्ये पाहता यावी, याहून अधिक सुटसुटीत योजना सुचणे कठीण.

परंतु तरतुदीचा तपशील पाहू लागताच शंका उभी राहते. 'ग्रिक्वेस्ट स्टार्ट' या आज्ञेला तीन कॉलबॅक द्यावे लागतात : एक क्रियेची स्थिती भरून देणारा, दुसरा राखून ठेवलेली स्मृती मोकळी करणारा, तिसरा क्रिया रद्द करू पाहणारा. क्रिया संपल्याची द्वाही मात्र वापरणाऱ्यानेच 'ग्रिक्वेस्ट कम्प्लीट' म्हणून फिरवावयाची असते. या तिघांपैकी एकही क्रियेला पुढे ढकलीत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. नाशिकरोडच्या मुद्रणालयात टपालाची तिकिटे छापली जातात. पण तिकीट छापणारा पत्र पोचवीत नाही. येथे लायब्ररीने पोचपावतीचे पुस्तक छापून दिले आणि टपालवाला शोधण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपविले, असे म्हणावे लागते.

याचा परिणाम किरकोळ नाही. एकाच थ्रेडच्या प्रोग्रामने अशी विनंती निर्माण करून लगेच 'वेट' म्हटले, तर तो कायमचा अडकतो; कारण 'कम्प्लीट' म्हणणारा दुसरा कोणीही तेथे नसतो. म्हणून वेगळा थ्रेड आणावा लागतो. प्रमाणग्रंथातील उदाहरणही नेमके हेच करते. द्विशाखी वृक्षावरून पूर्णांकांची बेरीज वर चढविणारी ती क्रिया ग्रंथकर्ते एका स्वतंत्र थ्रेडच्या स्वाधीन करतात. उदाहरण सुबोध आहे, आणि तेच तरतुदीवरील सर्वांत कठोर टीका ठरते. कारण ज्या साधनावाचून ते चालत नाही, ते साधन त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेरचे आहे. शिवाय मुख्य थ्रेड 'वेट'मध्ये थांबलेला असता दुसऱ्याने 'कम्प्लीट' म्हणावयाचे, तर लायब्ररी बहुथ्रेडी वापराच्या सर्वोच्च पातळीवर सुरू केलेली असावी लागते, आणि त्या पातळीचा भार साध्या निरोपांनाही सोसावा लागू शकतो. (२०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत अशी अप्रतीक्ष सामूहिक बेरीज लायब्ररीनेच पुरविली, त्यामुळे उदाहरणाचे निमित्त उरले नाही, उणीव तेवढी राहिली.)

या उणिवेवर नेमके बोट ठेवणारा निबंध लॅथम, ग्रॉप, रॉस आणि राजीव ठाकूर यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. यांपैकी ठाकूर हे मुंबई विद्यापीठाचे १९९० चे अभियांत्रिकी पदवीधर. त्यांचा उपाय साधा आहे : 'टेस्ट' म्हटले की लायब्ररीने वापरणाऱ्याचा एक चौथा कॉलबॅक बोलवावा, त्याने क्रियेची चौकशी करावी, आणि ती संपली असल्यास 'कम्प्लीट' म्हणावे. अनेक विनंत्यांची वाट एकदम पाहता यावी म्हणून एक पाचवाही त्यांनी सुचविला. निबंधाचे खरे मर्म या पाचव्यात आहे. कारण कार्यप्रणाली ज्या फाइल-क्रियांची वाट एका आज्ञेने पाहू देते, त्यांची एकेक करून चौकशी करीत बसणे हा प्रोसेसरचा निव्वळ अपव्यय होय.

यावर आक्षेप असा घेता येईल की, हे खरे अप्रतीक्षत्व नव्हे. प्रोग्राम दीर्घ आकडेमोडीत गुंतला आणि लायब्ररीत शिरलाच नाही, तर क्रिया तसूभरही सरकणार नाही. वाचनाचे काम कार्यप्रणाली पाहत असेल तर हा आक्षेप लागू पडत नाही. अनेक टप्प्यांच्या सामूहिक क्रियेला मात्र तो पुरेपूर लागू पडतो. तरीही तो निर्णायक मानता येत नाही. लायब्ररीच्या स्वतःच्या निरोपांचीही अनेक अंमलबजावण्यांत हीच गत असते. चौथा कॉलबॅक वापरणाऱ्याच्या क्रियेला लायब्ररीच्या क्रियेच्या पंक्तीला बसवितो. त्याहून वरचे पान मागण्याचा तिला अधिकार नाही.

या संदर्भात पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली उभारलेल्या 'परम ८०००'ची आठवण उद्बोधक आहे. त्यातील टी-८०० ट्रान्सप्युटरमध्ये निरोपाची ने-आण दुव्याचे यंत्रच करी. वाट पाहणारी प्रक्रिया बाजूला ठेवली जाई, प्रोसेसर दुसरी हाती घेई, आणि ने-आण संपताच पहिली पुन्हा रांगेत लावली जाई. चिपमध्येच कोरलेला नियोजक हे पाहत असे. टपालवाला कोण, हा प्रश्न तेथे प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढे येतच नव्हता. पुढे सर्वसाधारण प्रोसेसरांचे समूह स्वस्त झाले आणि ही सोय यंत्रातून निघून प्रोग्रामरच्या माथी आली. प्रमाणग्रंथाने हा बदल पुरता ओळखला नाही, असे वाटते.

२०२१ च्या चौथ्या आवृत्तीतही कॉलबॅक तीनच आहेत. चौथा व पाचवा 'एमपीआयसीएच' या लायब्ररीत 'एमपीआयएक्स' हा उपसर्ग लावून, म्हणजे प्रमाणाबाहेरची भर म्हणून, मिळतात. त्यांच्यावर विसंबून लिहिलेला प्रबंधाचा प्रोग्राम दुसऱ्या लायब्ररीच्या समूहावर नेला, तर तो तेथे बांधला जाईलच असे नाही. आणि केवळ प्रमाणावर विसंबावयाचे, तर थ्रेडवाचून गत्यंतर नाही.