व्होक्ल्यूजचं विवर : एका प्रकरणाचं रसग्रहण

झाक-ईव्ह कुस्तो यांचं 'द सायलेंट वर्ल्ड' हे पुस्तक 1953 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचे पाणबुडे मित्र फ्रेदेरिक द्युमा त्याचे सहलेखक. समुद्राखालच्या जगाचं दार सामान्य वाचकासाठी उघडणारं पुस्तक अशी त्याची ओळख आहे. मला मात्र त्यातलं सर्वांत थोर वाटतं ते गोड्या पाण्यातल्या गुहेविषयीचं प्रकरण. पाच हजार बुड्यांतला आपला सर्वांत वाईट अनुभव समुद्रात आलाच नाही, असं सांगून कुस्तो ते सुरू करतात.

दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्योंजवळ व्होक्ल्यूज गावी डोंगराच्या पायथ्याशी एक कुंड आहे. सोर्ग नदी तिथे उगम पावते. चौदाव्या शतकात कवी पेत्रार्क या परिसरात राहिला होता. एरवी शांत असलेलं हे कुंड वर्षातून एकदा उसळून वाहू लागतं. असं का होतं, हे कोडं सोडवायला कुस्तो, द्युमा आणि सहकारी 27 ऑगस्ट 1946 रोजी तिथे गेले. त्यांच्या पाठीवर अ‍ॅक्वालंग होतं. युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे गॅसवर धावणाऱ्या मोटारींसाठी एमिल गान्यां यांनी एक झडप केली होती. तिच्यावरून त्यांनी आणि कुस्तोंनी 1943 मध्ये हे श्वसनयंत्र घडवलं.

लेखक म्हणून कुस्तोंची पहिली कमाल कथनकाळाच्या निवडीत आहे. लिहिताना त्यांना सगळं ठाऊक आहे, तरी ते वाचकाला त्या दिवशीच्या कुस्तोंइतकंच कळू देतात. काळोखात उतरताना त्यांची बुद्धी मंद होत जाते. काय करायला आलो, पुढचं पाऊल कोणतं, हे निसटू लागतं. वाचक दचकत नाही, कारण खोलीवर नायट्रोजनमुळे चढणाऱ्या नशेची, त्या 'खोलीच्या धुंदी'ची ओळख पुस्तकाने आधीच करून दिलेली असते. त्यामुळे या भोवंडण्याचं कारण आपल्याला कळलं आहे, असं त्यालाही वाटतं आणि लेखकाच्या तेव्हाच्या चुकीत तो सहज सामील होतो.

दुसरी कमाल दोराची. वर मोरिस फार्ग दोर धरून उभे आहेत. दोराला किती हिसके दिले म्हणजे काय समजायचं, हे आधीच ठरलेलं आहे. खाली द्युमांची अवस्था बिकट होते. भ्रमिष्ट झालेले कुस्तो त्यांना सांभाळत वर जायची धडपड करतात. त्यासाठी ते दोर धरून चढू लागतात. फार्गना मात्र ते हिसके म्हणजे आणखी दोराची मागणी वाटते आणि ते दोर सोडत राहतात. ज्या दोराने वर यायचं, तोच सैल होऊन खाली साचत जातो. अखेर खूण स्पष्ट नसतानाही, फार तर बोलणी खावी लागतील असा विचार करून, फार्ग स्वतःच्या जबाबदारीवर दोर ओढतात आणि दोघं वाचतात. कुस्तो हा प्रसंग छोट्या, धापा टाकणाऱ्या वाक्यांत सांगतात. तिथे त्यांच्या भाषेलाही श्वास पुरत नाही.

मग दुसरी जोडी उतरते. फिलिप तायेझ आणि त्यांचा साथीदारही तशीच विचित्र ग्लानी अनुभवून परततात. परतीच्या वाटेवर सगळे कारण शोधत राहतात. समुद्रात याहून खोल गेलो तेव्हा डोकं ताळ्यावर होतं, मग इथेच असं का झालं? उत्तर मिळतं ते अवघ्या काही ओळींत. सिलिंडर भरणारा डिझेलवरचा नवा कॉम्प्रेसर सुरू करून पाहिला, तर तो आपलाच धूर आत ओढत होता. सिलिंडरातल्या हवेत दोन हजारांत एक भाग कार्बन मोनॉक्साइड निघाला.

या प्रकरणाचं खरं शिल्प या प्रमाणात आहे. भीतीला पानंच्या पानं मिळाली आहेत, कारणाला काही ओळी. अंधार, खडक, दोर हे संशयित डोळ्यांसमोर हिंडत राहतात आणि अपराध घडून गेलेला असतो कोरड्या जमिनीवर. विषाचं गणित देतानाही कुस्तो आवाज चढवत नाहीत. 160 फुटांवर त्याचा परिणाम सहापट होतो, एवढंच ते नोंदवतात. त्या खोलीवर दाब सुमारे सहा वातावरणांचा असतो, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर वायूचे सहापट रेणू आत जातात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक चिकटतो. खोलवर ऑक्सिजनचा दाबही वाढलेला असल्याने हे विष काही काळ लपून राहतं आणि वर येताना तो दाब उतरू लागला की माणूस कोसळू शकतो. अमेरिकेत डायव्हिंगच्या हवेसाठी वापरल्या जाणाऱ्या 'ग्रेड ई' निकषात या वायूची मर्यादा दहा लाखांत 10 भाग आहे. व्होक्ल्यूजच्या सिलिंडरात त्याच्या पन्नासपट होता.

हे कळल्यावर प्रकरण पुन्हा वाचलं की तेच शब्द वेगळे होतात. पहिल्या वाचनात विवर माणसांना गिळू पाहत होतं. दुसऱ्या वाचनात ते निरपराध ठरतं आणि प्रत्येक श्वासापाशी आपणच अडखळतो. एकाच मजकुरात दोन कथा वसवणं हे थोर कसब आहे. त्याहून मोलाचा आहे त्यामागचा संयम. कॉम्प्रेसर तसा कुणी ठेवला, हा प्रश्न कुस्तो उगाळत नाहीत. आपण सगळेच ते विष घेत होतो, असं सामुदायिक वाक्य ते लिहितात. दोष कुणा एकावर ढकलला असता, तर तो माणूस लक्षात राहिला असता आणि धडा विसरला गेला असता.

म्हणून मला हे प्रकरण घरच्या गॅरेजमध्ये वायूंचं मिश्रण करणाऱ्या पाणबुड्यांचं आद्य वाचन वाटतं. अमेरिका-युरोपात काही हौशी मंडळी अशी व्यवस्था घरीच उभारतात. जास्त ऑक्सिजनची हवा, म्हणजे नायट्रॉक्स, हे त्यांचं नेहमीचं मिश्रण. रिकाम्या सिलिंडरात आधी 28 बार दाबापर्यंत ऑक्सिजन, मग 200 बारपर्यंत हवा भरली की 32 टक्के ऑक्सिजनचं मिश्रण होतं. एवढ्या साध्या गणितामागे केवढी शिस्त लागते! शुद्ध ऑक्सिजन ज्यांतून जातो त्या झडपा आणि नळ्यांत तेलाचा अंशही चालत नाही. झडप सावकाश उघडावी लागते, कारण वायू एकदम दाबला गेला की तापतो आणि आग लागू शकते. कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड धुरापासून दूर हवं, गाळणीतली रसायनं वेळेवर बदलायला हवीत. शेवटी अ‍ॅनलायझरवर मिश्रण तपासून सिलिंडरवर चिठ्ठी लावायची. ऑक्सिजन चुकून 28 ऐवजी 38 बार भरला गेला, तर मिश्रण 36 टक्क्यांचं होतं आणि सुरक्षित खोली सुमारे 33 मीटरवरून 28 मीटरवर येते. त्याखाली गेलं की ऑक्सिजनमुळे झटके येण्याचा धोका वाढतो. शुद्ध ऑक्सिजनवर बुडी घेताना स्वतःला आलेल्या अशाच झटक्यांची हकीगत कुस्तोंनी याच पुस्तकात सांगितली आहे.

आपल्याकडे मालवण-तारकर्लीला पर्यटक पाण्यात उतरतो, तेव्हा त्याच्या पाठीवरची हवाही कुणीतरी जमिनीवर भरलेली असते. रंगीत मासे पाहताना तिची आठवण कुणाला होत नाही. ती नेमकी करून देण्याचं काम हे प्रकरण करतं.

दोर ओढून दोघांना वाचवणारे मोरिस फार्ग पुढच्याच वर्षी, 1947 मध्ये, अ‍ॅक्वालंगने किती खोल जाता येतं हे पाहण्याच्या प्रयत्नात दगावले. कुस्तो तेही लपवत नाहीत. धाडसाची किंमत इतक्या उघडपणे मांडणाऱ्या पुस्तकात व्होक्ल्यूजचं प्रकरण आणखी एक पायरी पुढे जातं. पाण्यात उतरणाऱ्याच्या धैर्याइतकाच मान ते सिलिंडर भरणाऱ्याच्या काळजीला मिळवून देतं. साहसकथा म्हणून ते अव्वल आहेच, पण मला ते त्याहून मोठं वाटतं ते या न्यायबुद्धीमुळे. जो कुणी स्वतःच्या वा दुसऱ्याच्या श्वासासाठी कॉम्प्रेसर सुरू करणार असेल, त्याने बटण दाबण्याआधी ते वाचावं आणि मग धूर कुठे जातो आहे ते पाहून यावं.