तंजावरचा गरुड: सोनं टिकलं, रेषा हरवली

गरुडाची भुरळ राजसत्तांना पूर्वीपासून आहे. देवगिरीच्या यादवांच्या ध्वजावर तो होता. इंडोनेशियाने १९५० साली त्याला राष्ट्रचिन्ह केलं आणि पंखांना १७, शेपटीला ८, मानेला ४५ पिसं देऊन १७ ऑगस्ट १९४५ हा स्वातंत्र्याचा दिवस त्याच्या अंगावरच मांडला. तंजावरात १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती. पण तिथल्या लोकांच्या मनातला गरुड राजाचा नाही, देवळाचा आहे. विष्णुमंदिरात ब्रह्मोत्सव सुरू होताना गरुडाचं चित्र काढलेलं कापड ध्वजस्तंभावर चढतं आणि उत्सव सरला की उतरतं. वैकासी या तमिळ महिन्यात शहराच्या राजवीथींतून वीसहून अधिक पेरुमाळ, म्हणजे विष्णूच्या उत्सवमूर्ती, गरुडवाहनांवर एकामागोमाग निघतात; हीच गरुडसेवा. कुंभकोणमजवळच्या नाचियारकोईलला गरुड दगडी आहे. गाभाऱ्यापाशी त्याला चौघं उचलतात. मग आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट खांदे लागतात. बाहेर येईल तसं त्याचं वजन वाढतं, अशी श्रद्धा आहे.

म्हणजे या मुलखात गरुडाची ओळख झडप घालण्यात नाही, भार वाहण्यात आहे. तंजावर चित्रशैलीची परीक्षा मला इथेच घ्यावीशी वाटते.

ही चित्रं फळीवर होतात. फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर खडूच्या भुकटीचा लेप देऊन घोटायचं, रेखाटन करायचं, दागिने आणि महिरप भुकटी-डिंकाच्या लगद्याने उठवायची, खडे बसवायचे, सोन्याचा वर्ख लावायचा आणि मग रंग. भोसले राजे सरफोजी दुसरे (१७९८–१८३२) यांच्या काळात ही कला भरात होती. जुन्या चांगल्या चित्रांत उठाव दागिन्यांपुरता आणि महिरपीपुरता असतो. अंग मात्र सपाट रंगात, हलक्या छटेने घडवलेलं. गरुडाचं धड माणसाचं, नाक चोचीसारखं वाकलेलं, पंख मागे पसरलेले आणि तळवे विष्णूच्या पावलांखाली. त्या तळव्यांवर वजन पडलेलं दिसतं, कारण दंडाची रेषा ताणलेली असते.

आज दुकानांतून मांडलेल्या गरुडांत नेमकी ही रेषा सापडत नाही. ट्रेस केलेल्या आकृतीवर पंखभर लगदा चढतो, प्रत्येक पीस साच्यातून काढल्यासारखं सारखं, वर अखंड सोनं. देव गरुडावर बसलेला वाटत नाही, वरून चिकटवलेला वाटतो. दोष कारागिरांच्या हाताचा कमी, मागणीचा जास्त. गिऱ्हाईक वर्ख किती कॅरेटचा आणि खडे कुठले एवढंच विचारतं. बाळकृष्ण, लक्ष्मी आणि बालाजी लवकर खपतात, त्यामुळे गरुड क्वचितच काढला जातो आणि काढायची सवयही सुटते. २००७-०८ साली या चित्रशैलीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नावाला आणि मुलखाला संरक्षण मिळालं. रेखाटनाची इयत्ता कुठलंही मानांकन ठरवू शकत नाही.

म्हणून प्रशिक्षणवर्गांत वर्खाआधी रेखाटन यायला हवं, आणि तेही जुन्या चित्रांसमोर बसून आणि गरुडसेवेच्या मिरवणुकीत जाऊन. वाहनाखाली वाकलेले भोयांचे खांदे पाहिल्याशिवाय गरुडाचे खांदे काढता यायचे नाहीत. आपणही चित्र घेताना सोन्याची चौकशी मागाहून करावी. आधी देवाचा भार गरुडाला जाणवतोय का, ते पाहावं.